चिनी औषधी वनस्पतींचे स्क्रीनिंग : या चुका टाळा

स्क्रीनिंग म्हणजे वनस्पतींच्या अर्कांतून औषधी गुण असलेले शोधून काढणे. अर्क निष्क्रिय निघाला म्हणून वनस्पती लगेच यादीतून काढू नका. हिवतापावरचे औषध आर्टेमिसिनिन शोधणाऱ्या चिनी शास्त्रज्ञ थू यूयू यांच्या चमूलाही छिंगहाव या वनस्पतीचा अर्क उंदरांच्या हिवतापावर कधी गुण द्यायचा, कधी नाही. वाट दाखवली ती चौथ्या शतकातल्या चिनी वैद्य गे हाँगच्या नोंदीने : मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. त्यात उकळणे नव्हतेच! थू यांनी ३५ अंशांच्या आसपास उकळणारे इथर हे द्रावक घेतले आणि ऑक्टोबर १९७१मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधले परजीवी संपवले. आर्टेमिसिनिन पाण्यात जेमतेम विरघळते, जास्त उष्णता त्याला मानवत नाही आणि ते असते मुख्यतः पानांत. म्हणून जुनी कृती नीट वाचा. एकच नमुना थंड आणि गरम, पाण्यात आणि सेंद्रिय द्रावकात, असा काढून पाहा.

माझ्या मते सर्वांत गंभीर चूक नावाची. ‘फांगजी’ या नावाखाली स्टेफानिया ही वनस्पतीही विकली जाते आणि मूत्रपिंडांना विषारी असलेली ॲरिस्टोलोकियाही. १९९०च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत हीच अदलाबदल झाली आणि शंभराहून अधिक जणांच्या मूत्रपिंडांना इजा पोहोचली. बाजारातल्या भुकटीवर विसंबू नका. अख्खा नमुना वनस्पतितज्ज्ञाकडून ओळखून घ्या आणि हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जपून ठेवा.

उलट, प्रत्येक अर्क प्रत्येक एन्झाइमला रोखतोय? मग बहुधा टॅनिन (वनस्पतींतली तुरट द्रव्ये) प्रथिनांना चिकटत आहेत. पॉलिअमाइड भरलेल्या कॉलममधून (गाळणीच्या नळीतून) ते काढा आणि चाचणी पुन्हा करा. ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट घातल्यावर परिणाम नाहीसा झाला, तर रेणूंचे पुंजके फसवत होते. आपल्या हळदीतले कर्क्युमिन तर अनेक चाचण्यांत असे खोटे यश दाखवते. हळद चिनी वैद्यकातही आहे, तेव्हा ते तुमच्याही चाचणीच्या प्लेटमध्ये येणारच. ह्वांगल्यन या वनस्पतीमधले बर्बेरिन स्वतःच चकाकते, त्यामुळे फ्लोरेसन्सचे (चकाकी मोजणाऱ्या चाचण्यांचे) आकडे बिघडतात. जिवंत पेशी रंगावरून मोजणाऱ्या एमटीटी चाचणीत काही अर्क पेशींशिवायच रंग आणतात. बिनपेशींची एक रांग ठेवाच.

अर्क विरघळवणारे डीएमएसओ हे द्रावक प्लेटच्या सगळ्या खळग्यांत सारखे हवे, नुसत्या द्रावकाचा कंट्रोलही हवा.

मूळ अर्क चालतो, पण वेगळा केलेला एकही भाग चालत नाही, असे झाले तर सगळे भाग मूळ प्रमाणात पुन्हा एकत्र करून तपासा. गुण परतला, तर दोन-तीन रेणू मिळून काम करत आहेत. नाही परतला, तर रेणू कॉलमवरच अडकला किंवा मोडला, तिथे शोधा.