प्राथमिक शाळेत सांघिक विज्ञान स्पर्धा कशी घ्यावी?
नागपुरात अशा स्पर्धेसाठी २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन सोयीचा ठरतो, कारण तोवर विदर्भातला कडक उन्हाळा सुरू झालेला नसतो. तिसरी ते पाचवीच्या मुलांचे चार-चार जणांचे संघ चिठ्ठ्या टाकूनच पाडावेत. हुशार मुले एकाच संघात गेली की बाकीची नुसती बघत बसतात, आणि ते मनाला फार लागते. प्रत्येक संघाला दोन वर्तमानपत्रे, चिकटपट्टी आणि ४० मिनिटे देऊन ३० सेंटिमीटर अंतरावरच्या दोन बाकांमध्ये पूल बांधायला सांगावे व तो कोसळेपर्यंत त्यावर एकेक नाणे ठेवत जावे. पंखे बंद असावेत. घड्या घातलेला कागद सहज का वाकत नाही, हे मुलांनी आपल्या शब्दांत सांगण्याला निम्मे गुण ठेवावेत. बक्षीस म्हणून सर्वच संघांना रमण विज्ञान केंद्र दाखवावे.