गल्लीतले मावळ्यांचे कपाट कसे उभारावे

कोल्हापुरात पुस्तके मिळून वाचण्याची सोय करवीर नगर वाचन मंदिरामुळे १८५० पासून आहे. अमेरिकेत २००९ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील हडसन येथे टॉड बोल यांनी शिक्षिका असलेल्या आईच्या स्मरणार्थ शाळेच्या आकाराची पुस्तकपेटी घरासमोर उभी केली आणि ‘एक न्या, एक ठेवा’ हा प्रघात त्यातून जगभर पसरला. पुस्तकांखेरीज इतर वस्तूंसाठी असे कपाट करताना मात्र तो जसाच्या तसा उचलू नये, कारण वाचून झालेले पुस्तक सोडून देता येते, चकलीचा सोऱ्या परतच यावा लागतो, आणि बियाणे नेलेल्याने पुढच्या हंगामात नवे बी धरून आणायचे असते.

म्हणून आधी वस्तू ठरवावी, आणि पहिल्या वर्षी एकच. माझी निवड दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांची आहे. ही मातीची चित्रे जेमतेम पंधरा दिवस लागतात, उरलेले वर्ष माळ्यावर पडून राहतात, आणि मुले मोठी झालेल्या घरांत तर ती कायमचीच अडगळ होतात. अशा घरांकडून ती मागून घ्यावीत. तुटलेला भाला किंवा उडालेला रंग मुलांकडूनच दुरुस्त करून घ्यावा, कारण स्वतः रंगवलेला मावळा मूल जपून वापरते.

प्रत्येक मावळ्याच्या तळाला क्रमांक घालावा. नोंदवहीत नेणाऱ्याच्या नावाशेजारी तो कोणत्या गडावर रवाना झाला, पन्हाळ्यावर की विशाळगडावर, हेही लिहावे. तुळशीच्या लग्नानंतर एका संध्याकाळी सर्वांची हजेरी घ्यावी. दंडापेक्षा या हजेरीवर माझा अधिक विश्वास आहे. आपला शिपाई गैरहजर राहू नये, याची काळजी मुले मनापासून घेतात. ठेवताना प्रत्येक चित्र जुन्या सुती कापडात गुंडाळून भाताच्या तुसात उभे करावे.

कपाटासाठी जुने जाळीचे फडताळ चालते, मात्र त्याची जाळी आतून पत्र्याने बंद करावी. आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे दार पूर्वेला किंवा उत्तरेला असावे आणि छपराचा उतार दारापुढे वीतभर आलेला असावा. कपाट भिंतीत पक्के न बसवता लोखंडी आकड्यांवर टांगावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी शिरले होते. नदीकाठच्या गल्ल्यांत दोन माणसांना कपाट उचलून माडीवर नेता आलेच पाहिजे. जागा तालमीच्या कट्ट्याजवळची उत्तम, कारण तिथे दिवसभर कुणी ना कुणी असते. भिंत ज्याची असेल त्याची परवानगी आधी घ्यावी.

पुढच्या वर्षी सोऱ्या ठेवायचा झाल्यास तो चकत्यांसह एकाच पिशवीत ठेवावा आणि चकत्यांची संख्या पिशवीवर शिवावी, कारण आधी हरवते ती चकतीच. दिवाळीच्या आठवड्यात तो सर्वांना एकदमच हवा असतो, तेव्हा एका घरी एकच दिवस द्यावा. पितळी असेल तर धुऊन, पूर्ण कोरडा करूनच परत घ्यावा. बियाण्यांच्या पुडीवर वर्ष लिहावे. दोडक्याचे बी काही वर्षे टिकते, पण कांद्याचे दुसऱ्या वर्षी धड उगवत नाही.

किल्ली दोन घरांत असावी, आणि त्यांपैकी एक घर असे निवडावे, जिथे दुपारी दार वाजवणाऱ्या मुलाला परत पाठवले जात नाही.