अमेरिकेत नवीन फोन घेतलाय? सिम घातल्या घातल्या व्हॉइसमेल सेट करा

आपल्याकडे मिस्ड कॉल दिसला की माणूस परत फोन करतो, नाहीतर समोरचाच व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज टाकतो आणि काम होऊन जातं, त्यामुळे व्हॉइसमेलशी आपला कधी संबंधच आलेला नसतो. अमेरिकेत तसं चालत नाही. डॉक्टरचं ऑफिस, मुलांची शाळा, रिक्रूटर, फार्मसी, सगळे एकदा फोन करतात, उचलला नाही तर निरोप ठेवतात आणि आता तुम्ही फोन कराल असं धरून चालतात. निरोप ठेवायची सोयच नसेल तर यादीतल्या पुढच्या नावाला फोन लावतात.

मी हे पहिल्याच वर्षी अनुभवलं. न्यू जर्सीतल्या एडिसनमधे आम्ही घर शोधत होतो, एक टू बेडरूम खूप आवडलं होतं, लीजिंग ऑफिसमधून फोन आला तेव्हा मी न्यूयॉर्कहून परतीच्या ट्रेनमधे, हडसन नदीखालच्या बोगद्यात, रेंज नाही. दोन दिवसांनी मीच फोन केला तर कळलं की त्यांनी लावला होता पण 'मेलबॉक्स सेट केलेला नाही' असं ऐकू आलं आणि घर दुसऱ्यांना गेलं. तेव्हापासून भारतातून कोणीही नवीन आलं की जेवायच्या आधी मी त्यांच्याकडून हे करून घेते.

एक गोष्ट आधी समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. व्हॉइसमेल तुमच्या फोनमधे नसतो, फोन कंपनीकडे असतो. साधारण वीसेक सेकंद रिंग वाजली आणि कोणी उचललं नाही की कंपनीच तो कॉल मेलबॉक्सकडे वळवते, म्हणून फोन बंद असला तरी निरोप पडतो. आणि म्हणूनच फोन नवा पण नंबर-कंपनी तीच असेल तर बहुतेक वेळा जुनाच पासवर्ड चालतो, कंपनी बदलली की मात्र सगळं नव्याने.

आयफोन असेल तर फोन ॲप उघडून व्हॉइसमेलमधे जा (नेहमीच्या लेआउटमधे खाली उजव्या कोपऱ्यात असतो), 'सेट अप नाऊ' दाबा, पासवर्ड दोनदा टाका, मग ग्रीटिंग (म्हणजे फोन करणाऱ्याला ऐकू येणारं वाक्य) 'डिफॉल्ट' की 'कस्टम' विचारेल तिथे कस्टम घ्या, रेकॉर्ड करा, एकदा ऐका, सेव्ह. झालं. अँड्रॉइडवर कीपॅड उघडून १ चा आकडा दाबून धरायचा, थेट मेलबॉक्सला फोन लागतो, तिथली बाई सांगेल तसं पिन आणि ग्रीटिंग करत जायचं, घाई करून मधेच फोन ठेवू नका, नाहीतर सेटअप अर्धवट राहतो. १ ने नाही लागलं तर व्हेरायझनवर *८६ आणि टी-मोबाईलवर १२३ लावा.

पासवर्ड नीट ठेवा, यात आळस नको. बऱ्याच ठिकाणी सुरुवातीचा पासवर्ड म्हणजे तुमच्याच नंबरचे शेवटचे चार आकडे, तो कोणीही ओळखेल. ब्रिटनमधे 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हा एवढा जुना पेपर २०११ मधे बंद झाला तो याच प्रकरणात, लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकले जात होते आणि अनेकांनी डिफॉल्ट पिन बदललेलाच नव्हता. शिवाय काही ठिकाणी ओटीपी फोन करूनही सांगतात, तो कॉल तुम्ही उचलला नाहीत तर ओटीपी सरळ मेलबॉक्समधे जाऊन बसतो. जन्मसाल, १२३४ असलं काही नको.

आता ग्रीटिंग. डिफॉल्टमधे नुसता नंबर ऐकू येतो, फोन करणाऱ्याला बरोबर माणसाला लागलाय का तेच कळत नाही, मग दवाखान्यातले लोक निरोप ठेवायला बिचकतात. आपली नावं इथल्या लोकांना अवघड जातात त्यामुळे नाव हळू, तोडून म्हणा, ज्ञा-ने-श्व-री, आणि एक श्वास घेऊन आडनाव. मी कपड्यांच्या कपाटात उभी राहून रेकॉर्ड केलं, टांगलेल्या जाड कोटांमुळे आवाज घुमत नाही, स्वच्छ येतो. वाक्य साधं ठेवा: 'हॅलो, धिस इज अमुक तमुक. प्लीज लीव्ह युवर नेम, नंबर अँड अ शॉर्ट मेसेज.' दहा सेकंद पुरे. गावाला चाललोय वगैरे त्यात सांगू नका, घर रिकामं आहे हे अनोळखी माणसाला कळायची गरज नाही.

मग लगेच नवऱ्याच्या, मैत्रिणीच्या, कोणाच्याही फोनवरून स्वतःला फोन लावा, वाजू द्या, निरोप ठेवा आणि तो ऐकून बघा. अडचणी इथेच सापडतात.

फोन वाजतच नाही, सरळ व्हॉइसमेलला जातो अशी तक्रार सगळ्यात जास्त ऐकते मी. बहुतेक वेळा डू नॉट डिस्टर्ब चालू असतं, किंवा आयफोनवर अनोळखी नंबर गप्प करणारं सेटिंग. स्पॅमला कंटाळून आपण ते चालू करतो आणि नोकरी शोधताना तेच अंगाशी येतं, कारण रिक्रूटरचा नंबर तुमच्याकडे सेव्ह कुठे असतो!

उलटं, रिंग वाजते पण फोन हातात घेईपर्यंत जाते, तर टी-मोबाईलसारख्या नेटवर्कवर *#६१# लावा, कॉल किती सेकंदांनी कुठल्या नंबरला वळतोय ते दिसतं. तो नंबर लिहून घ्या आणि मग **६१*तो नंबर**३०# असं लावा, म्हणजे तीस सेकंद मिळतात. व्हेरायझनवर हे कोड चालत नाहीत, कस्टमर केअरला सांगून वेळ वाढवून घ्यायची.

मेलबॉक्स फुल सांगतोय आणि तुम्ही तर सगळं डिलीट केलंय? आयफोनवर व्हॉइसमेलच्या यादीत अगदी तळाशी 'डिलीटेड मेसेजेस' असतं, तिथे जाऊन 'क्लिअर ऑल' करा, तोपर्यंत जागा मोकळी होत नाही.

निरोपांची यादीच लोड होत नसेल तर वायफाय बंद करून मोबाईल डेटावर बघा, मग फोन रीस्टार्ट, तोवर १ दाबून जुन्या पद्धतीने ऐकता येतंच. पासवर्ड विसरलात तर टी-मोबाईलवर #७९३# ने तो परत शेवटच्या चार आकड्यांवर येतो, लगेच बदला, बाकी कंपन्यांच्या ॲपमधे किंवा कस्टमर केअरकडून होतं. दोन सिम असतील, म्हणजे बँकेच्या ओटीपीसाठी भारतातलं चालू ठेवलेलं आणि एक इथलं, तर व्हॉइसमेल इथल्या लाइनवर सेट होतोय ना ते नीट बघा.

आणि कंपनी बदलणार असाल तर आधी जुने निरोप काढून घ्या, नंबर पोर्ट झाला की जुना मेलबॉक्स जातो. आयफोनवर निरोप उघडून शेअरचं चिन्ह दाबा आणि 'सेव्ह टू फाइल्स' करा. माझ्या सासऱ्यांचा एक चौदा सेकंदांचा निरोप आहे, 'पोचलो गं बाई, बॅगा मिळाल्या, काळजी करू नको,' मुंबईला उतरल्यावर विमानतळावरून ठेवलेला. ते आता नाहीत. गेल्या वर्षी कंपनी बदलायच्या आदल्या रात्री मी सगळ्यात आधी तो सेव्ह केला.