इंग्लिश सरदाराची वंशावळ कशी मांडावी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वाचकाला देसायांच्या वतनांचे कागद परिचित असतात. मध्ययुगीन इंग्लिश सरदाराचे घराणे मांडताना मात्र तिथले वारशाचे नियम आधी तपासावेत. नमुन्यादाखल विल्यम मार्शल घ्यावा. धाकटा मुलगा असल्याने त्याला वडिलोपार्जित जमिनीची आशा नव्हती, म्हणून त्याने शस्त्रस्पर्धांत नाव कमावले, आणि ११८९ मध्ये इसाबेल डी क्लेअरशी विवाह झाल्यावर तिच्या वारशाने तो मोठा जहागीरदार झाला. तेव्हा पत्नीचे माहेर समासात न ढकलता पतीच्या बरोबरीने लिहावे.

१२१९ मध्ये तो वारला. त्याखाली विल्यम, रिचर्ड, गिल्बर्ट, वॉल्टर आणि अन्सेल्म हे मुलगे वयाच्या क्रमाने मांडावेत. पाचही जण १२४५ पर्यंत औरस संततीविना गेले. कित्तूरचे १८२४ चे दत्तक-नामंजुरीचे प्रकरण ठाऊक असलेला आपला वाचक येथे साहजिकच दत्तकपुत्र शोधू लागेल, परंतु तत्कालीन इंग्लिश कायद्यात दत्तकाला वारसाहक्कच नव्हता. जमिनी पाच मुलींच्या शाखांत वाटल्या गेल्या. म्हणून मुलींची सासरची घराणी अवश्य नोंदवावीत. थोरली मॉड बिगॉड घराण्यात दिली होती, त्यामुळे मार्शल हे घराण्यातले वंशपरंपरागत दरबारी पद तिच्यामार्फत नॉरफोकच्या बिगॉडांकडे गेले.