आई-बाबा बंगळूरला आलेत? शहर दाखवताना या चुका टाळा

चौथ्या दिवशी बाबा परतीच्या गाड्यांची चौकशी करू लागले, तर त्यांना घरची ओढ लागली असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा आपणच आखलेला कार्यक्रम फसलेला असतो. इथे नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी घरांत हे फसणं साधारण एकाच पद्धतीचं असतं, म्हणून त्यावर उपायही करता येतो.

पाच दिवस कोंडून, दोन दिवस गाडीत

मूळ दुखणं हे. सोमवार ते शुक्रवार तुम्ही लॅपटॉपसमोर आणि ते दोघं अकराव्या मजल्यावर, टीव्हीसमोर. मग शनिवारी इस्कॉन, विधानसौध, लालबाग आणि वर मॉल, असं सगळं एका दमात. व्हाइटफील्डहून राजाजीनगर गाठायला शनिवारी दीड-दोन तास सहज जातात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मागच्या सीटवर इतका वेळ बसवलं, की देवळात पोचल्यावर पायऱ्या चढायचं त्राण उरत नाही. इस्कॉनला दर्शनानंतर बाहेर पडायची वाटही दुकानांमधून लांबच लांब वळत जाते, हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

एका दिवशी शहराचा एकच भाग घ्या. सकाळी सातला निघा, दुपारच्या जेवणाच्या आत परत या. तुमची पहिली मीटिंग अकराला असेल, तर आठवड्यातली एखादी सकाळही यात बसते. लालबाग तर सकाळचंच. हैदर अलीने 1760 मध्ये सुरू केलेली ही बाग 240 एकरांची आहे, तेव्हा ‘सगळी बघू’ म्हणू नका. मेट्रोच्या लालबाग स्टेशनवर उतरून पश्चिम दरवाजाने आत जा, 1889 चं काचघर बघा आणि मुख्य दरवाजाने बाहेर पडा. तिथून एमटीआर हे जुनं उपाहारगृह जवळ आहे. 1924 पासूनचं ठिकाण, रवा इडलीसाठी प्रसिद्ध. पण रविवारी तिथे ताटकळावं लागतं, बुधवारी जा. बागेतला तो मोठा खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे. हे सांगितलं की बाबा त्याला हात लावून बघतातच.

त्यांना एकट्याने फिरू न देणं

‘तुम्ही कुठे जाऊ नका, चुकाल.’ काळजीपोटी म्हणतो आपण. पण जो माणूस तीस वर्षं एसटीने तालुके पालथे घालत होता, त्याला दुधाच्या पिशवीसाठीही ॲपवर अवलंबून ठेवणं हा त्याचा पाणउतारा आहे.

पहिल्याच दिवशी दोघांना मेट्रोचं एकेक स्मार्ट कार्ड काढून द्या आणि पैसे भरून ठेवा. तिकिटाचा क्यूआर त्यांच्या फोनवर पाठवत बसायची गरज नाही. एकदा सोबत जाऊन मॅजेस्टिकला पर्पल लाइनवरून ग्रीन लाइनवर कसं जायचं ते दाखवा. सरकत्या जिन्याची भीती बऱ्याच आयांना असते आणि त्या ती बोलून दाखवत नाहीत. लिफ्ट कुठे आहे ते न विचारता दाखवून ठेवा. खिशात एक चिठ्ठी असू द्या: सोसायटीचं नाव, जवळचं स्टेशन आणि तुमचा नंबर, कन्नडमध्येही लिहिलेला. कन्नड तुम्हाला येत नसेल तर वॉचमनकडून लिहून घ्या. त्याची आणि बाबांची ओळखही होईल, आणि पुढच्या वेळी गेटवर ‘कोणत्या फ्लॅटचे?’ ही उलटतपासणी टळेल.

(जत-अक्कलकोटकडचे आई-वडील असतील तर हा प्रश्नच नाही. ते भाजीवालीशी कन्नडमध्ये घासाघीस करतात आणि दहा वर्षं इथे राहिलेला मुलगा शेजारी पिशवी धरून उभा असतो.)

बसचं मात्र आधी समजावून सांगा. आपल्याकडे एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीपुढे मोफत प्रवास, त्यामुळे आधार कार्ड दाखवायची सवय असते. कर्नाटकात जून 2023 पासून बायकांना मोफत प्रवास आहे, पण तो कर्नाटकातल्या रहिवाशांसाठी. महाराष्ट्राच्या पत्त्याचं आधार दाखवलं तर कंडक्टर तिकीट घ्यायलाच सांगणार. इतर बायका फुकट बसल्या आणि आपल्याकडूनच पैसे घेतले, असं आईला वाटायला नको.

शहाजीराजांना विसरणं

ही चूक मला सगळ्यात खटकते. मॉल पुण्यातही आहेत. बंगळूरमध्ये मराठी माणसाला दाखवण्यासारखं जे आहे, ते आपल्यालाच ठाऊक नसतं. विजापूरच्या फौजांनी 1638 मध्ये केंपेगौडाकडून हे शहर घेतलं आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. लहानपणी शिवाजीराजे जिजाऊंबरोबर इथे येऊन राहिले होते. शहाजीराजांनंतर शहर त्यांचे पुत्र एकोजीराजे (व्यंकोजी) यांच्याकडे होतं आणि 1687 मध्ये ते म्हैसूरच्या चिक्कदेवराय वोडेयरांकडे गेलं.

आता यात एक फसगत होते. हौसेने लोक बाबांना घेऊन के. आर. मार्केटजवळच्या किल्ल्यात जातात आणि शहाजीराजांचा वाडा शोधतात. तिथे उरलेली दगडी तटबंदी हैदर अलीच्या काळातली आहे, त्याआधीचा किल्ला मातीचा होता. तो बघा जरूर, शेजारचा टिपूचा 1791 चा लाकडी उन्हाळी महालही बघा, पण मराठ्यांची खूण हवी असेल तर मल्लेश्वरमला चला. काडू मल्लेश्वराच्या देवळाला एकोजीराजांनी गाव दिल्याची नोंद 1669 च्या शिलालेखात आहे. ग्रीन लाइनच्या संपिगे रोड स्टेशनवरून रिक्षाने पाच-दहा मिनिटं. समोर नंदीतीर्थ आहे, नंदीच्या मुखातून पाणी पडतं. दर्शनानंतर आठव्या क्रॉसवरच्या बाजारात फुलं, केळीची पानं, स्टीलची भांडी यांत आईची सकाळ कशी जाते कळतही नाही. मोटारीतून बघितलेल्या विधानसौधापेक्षा हे तिच्या जास्त लक्षात राहील, असं माझं मत.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असतील तर कस्तुरबा रोडवरचं विश्वेश्वरय्या संग्रहालय चुकवू नका. खडकवासल्याला 1903 मध्ये स्वयंचलित दरवाजे बसवणारे विश्वेश्वरय्या पुण्यातच इंजिनिअर झाले होते. हे माहीत असलेला माणूस तिथून लवकर बाहेर पडत नाही. तेवढा वेळ आईबरोबर कब्बन पार्कमध्ये बसता येईल.

तिन्हीत्रिकाळ इडली-डोसा

पहिल्या दिवशी कौतुक, दुसऱ्या दिवशी ‘छान आहे’, तिसऱ्या दिवशी ‘सांबार गोडच असतं का रे इथे?’ हे वाक्य आलं की समजा, भाकरीची आठवण झाली. त्यासाठी घरात पीठ मळत बसू नका. शहरात उत्तर कर्नाटकी खानावळी भरपूर आहेत. जोळद रोट्टी म्हणजे आपली ज्वारीची भाकरीच, सोबत एण्णेगायी म्हणजे भरली वांगी, आणि शेंगदाण्याची चटणी. सोलापूर-सांगलीकडच्या माणसाला इथे मेनू समजावून सांगावा लागत नाही. उभ्याने खायच्या दर्शिनीत मात्र त्यांना न्यायचं तर आधी बसायची सोय बघा. खुर्च्या नसलेल्या जागी गरम वाटी हातात धरून खाणं या वयात जमत नाही.

बाहेरगावच्या सहली

नंदी हिल्सचा सूर्योदय रविवारी बघायला गेलात, तर तो घाटातल्या गाड्यांच्या रांगेतून बघाल. मधल्या वारी जा, स्वेटर-कानटोपी घेऊन. म्हैसूर एका दिवसात उरकायचा मोह होतो, कारण अंतर फक्त 145 किलोमीटर. पण राजवाड्याची रोषणाई रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी सातनंतर असते. ती बघून परत यायचं म्हणजे मध्यरात्र. एक रात्र तिथेच राहा. राजवाड्यात चपला बाहेर काढाव्या लागतात, आईच्या पर्समध्ये मोजे ठेवा.

साडी आणि परतीचा दिवस

म्हैसूर सिल्क घ्यायचं ठरलं असेल तर सरकारी केएसआयसीच्या दुकानात आधी एकटे जाऊन किंमत बघून या. आईसमोर किंमत उघडी पडली की ती ‘मला रंग आवडला नाही’ म्हणते आणि विषय संपतो. चिकपेटच्या जुन्या बाजारपेठेत नेऊन चार दुकानं फिरवली तर तिला मजा येते, पण अस्सल रेशीम ओळखायची जबाबदारी तुमच्यावर पडते.

मिरजेकडे जाणारी राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्री उशिरा सुटते, म्हणून घरातून आरामात निघू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरात संध्याकाळच्या पावसाने रस्ते तुंबतात. निदान तीन तास हाताशी ठेवा, रात्रीचं जेवण डब्यात बांधून घ्या, आणि खालच्या बर्थची दोन्ही तिकिटं मिळाली आहेत की नाही ते आदल्या दिवशीच बघा. नसतील तर स्टेशनवर टीटीईला गाठायला अजून थोडे लवकर निघा.