नामाचे पाच प्रकार पाठ, तरी ‘हेअर्स’ का वाढतात? या चुका टाळा

इंग्रजीच्या वर्गात ‘नामाचे प्रकार सांगा’ म्हटलं की उत्तर पाढ्यासारखं येतं : प्रॉपर (विशेषनाम), कॉमन (सामान्यनाम), कलेक्टिव्ह (समूहवाचक), मटेरियल (पदार्थवाचक), ॲब्स्ट्रॅक्ट (भाववाचक). एका दमात, क्रमही न चुकता. आणि पाचच मिनिटांनी तीच मुलगी वहीत लिहिते, ‘माय हेअर्स आर लाँग’. शिकवण्या घेताना हे इतक्यांदा पाहिलंय की आता मी पहिल्या दिवशी प्रकार विचारतच नाही. केसांबद्दल एक वाक्य लिहायला सांगतो.

मुलीचं पाठांतर कच्चं नसतं. तिने मोजणी मराठीत केलेली असते. मराठीत केस पांढरे होतात, केस गळतात, म्हणजे बहुवचन. इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून एकच वस्तू : ‘माय हेअर इज लाँग’. आमटीत सापडलेला मात्र ‘अ हेअर’, दोन सापडले तर ‘टू हेअर्स’. डोक्यावर असताना मोजायचे नाहीत, ताटात आले की मोजायचे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मराठी कान कधी तारतो, कधी बुडवतो

‘इन्फर्मेशन्स’, ‘लगेजेस’, ‘नॉलेजेस’ या चुका खरं तर मराठी माणसाने करायलाच नकोत. ‘मला दोन माहित्या द्या’ असं कोणी म्हणतं का? ‘चार सामानं घेऊन स्टेशनवर गेलो’? मराठीतही माहिती, सामान, ज्ञान, दूध, राग हे शब्द अनेकवचनी होत नाहीत. इथे आपला कान आणि इंग्रजी एकाच बाजूला आहेत, फक्त आपण त्याचं ऐकत नाही. इंग्रजी बोलायचं म्हटलं की शेवटी एक ‘स’ चिकटवला की भाषा जरा भारदस्त झाली असं वाटतं, एवढंच. ‘फर्निचर्स’ आणि ‘इक्विपमेंट्स’ हे त्याच हौसेचे बळी. दुकानाच्या पाट्यांवरही ते सुखाने नांदतात.

खरा घोटाळा होतो तो जिथे मराठी मोजते आणि इंग्रजी मोजत नाही तिथे. आपल्याकडे एक बातमी, दोन बातम्या. इंग्रजीत ‘न्यूज’ शेवटी ‘स’सारखा आवाज असूनही एकवचनीच : ‘द न्यूज इज गुड’. एकच बातमी सांगायची तर ‘अ पीस ऑफ न्यूज’. सल्ल्याचंही तेच. घरातले वडीलधारे दहा सल्ले देतात, पण इंग्रजीत ते दहा असोत की शंभर, ‘ॲडव्हाइस’च राहतात. कामं खूप आहेत म्हणून ‘आय हॅव मेनी वर्क्स’ लिहू नका. ‘अ लॉट ऑफ वर्क’ म्हणा. दागिने कितीही अंगावर घातले तरी ‘ज्वेलरी’ एकवचनीच. आणि पैसे! आपण ‘पैसे कुठे आहेत’ विचारतो, त्यामुळे तोंडातून ‘व्हेअर आर द मनी’ निघतं. तिथे ‘इज’ हवं.

कपड्यांची गंमत वेगळी. ‘आय बॉट न्यू क्लॉथ्स फॉर दिवाळी’ असं लिहिलेल्या वह्या मी दरवर्षी तपासतो. ‘क्लॉथ’ म्हणजे कापड. ‘क्लॉथ्स’ म्हणजे कापडाचे तुकडे, फडकी. म्हणजे पोराने दिवाळीला नवी फडकी घेतली. अंगात घालायचे ते ‘क्लोद्ज’, स्पेलिंगमध्ये एक ‘ई’ जास्त. या शब्दाला एकवचनच नाही; एकच कपडा असेल तर शर्ट, फ्रॉक, जे असेल ते नाव घ्यायचं.

पॅन्ट एक, पण ‘पॅन्ट्स’

मराठीत कात्री एक, चष्मा एक, पक्कड एक, पॅन्टही एक. इंग्रजीने यांच्याकडे पाहताना दोन पाती, दोन काचा, दोन पाय मोजले आणि शब्द कायमचे बहुवचनी करून टाकले : ‘सिझर्स’, ‘ग्लासेस’, ‘प्लायर्स’, ‘पॅन्ट्स’. त्यामुळे ‘व्हेअर इज माय ग्लासेस’ चूक, ‘व्हेअर आर माय ग्लासेस’ बरोबर. एकच आहे हे ठासून सांगायचं असेल तर ‘अ पेअर ऑफ सिझर्स’. ‘अ पेअर’ म्हटलं की क्रियापद पुन्हा एकवचनी होतं, तेवढं सांभाळा.

याच्या उलट बाजूला ‘पोलीस’. आपल्याकडे पोलीस आला, पोलीस आले, दोन्ही चालतं. इंग्रजीत ‘द पोलीस’ नेहमी अनेकवचनी : ‘द पोलीस आर कमिंग’. एकटा असेल तर ‘अ पोलीस ऑफिसर’. ‘कॅटल’ मात्र चुकायला नको, कारण आपली गुरंही नेहमी चरतातच. एक ‘गुर’ कोणी चारायला नेत नाही.

इंग्रजीतून मराठीत आलेले शब्द परत इंग्रजीत नेताना तर फारच जपून. ‘बसमध्ये एक लेडीज चढली’ हे मराठीत खपून जातं. एक शूज हरवतो, एक चिप्स खाली पडतो. हे वाक्य तसंच इंग्रजीत गेलं की ‘वन लेडीज केम’ तयार होतं. ‘लेडीज’ हे आधीच अनेकवचन. एकटी असेल तर ‘लेडी’, आणि साधं ‘वुमन’ त्याहून बरं. ‘चिल्ड्रन’ही आधीच अनेकवचन, त्यामुळे ‘चिल्ड्रन्स आर प्लेइंग’ म्हणजे मुलांवर मुलं. बायोडेटात ‘आय ॲम ॲन ॲलम्नाय’ लिहिणारेही याच रांगेतले; ‘ॲलम्नाय’ म्हणजे माजी विद्यार्थी, तेही अनेकवचनच.

‘माझा एक मित्र’

‘माझा एक मित्र पुण्यात राहतो’ हे इंग्रजीत ‘वन ऑफ माय फ्रेंड लिव्हज इन पुणे’ असं होतं आणि बोलणाऱ्याला काही खटकत नाही. खटकायला हवं, कारण ‘ऑफ’च्या पुढे अख्खा घोळका उभा असतो आणि त्यातून आपण एक उचलतो. म्हणून ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’. क्रियापद मात्र त्या उचललेल्या एकाचं, एकवचनीच : ‘लिव्हज’. स्पर्धा परीक्षांच्या चूक शोधा प्रश्नांत ही जागा परीक्षकांची फार लाडकी.

दुसरी जागा, ‘टेन-रुपीज नोट’. दोन शब्द जोडून पुढच्या नामाचं विशेषण केलं की मधलं नाम एकवचनी होतं : ‘टेन-रुपी नोट’, ‘थ्री-इयर डिग्री’. नियम विसरलात तर ‘फाइव्ह-स्टार हॉटेल’ आठवा. तारे पाच असूनही ‘फाइव्ह-स्टार्स हॉटेल’ कोणी म्हणत नाही.

मग ते पाच प्रकार कशाला?

कामाचे आहेत, पण शब्दाच्या कपाळावर कायमचा शिक्का मारायला नाहीत. ‘आयर्न’ लोखंड असेल तर मटेरियल नाऊन, आणि ‘ॲन आयर्न’ झालं की कॉमन नाऊन, म्हणजे कपड्यांची इस्त्री. ‘ग्लास’ काच, ‘अ ग्लास’ पाण्याचा पेला. ‘आय एट चिकन’ म्हणजे जेवणात चिकन होतं. ‘आय एट अ चिकन’ म्हणजे अख्खी कोंबडी फस्त केली. हॉटेलात ‘टू कॉफीज’ मागितल्या तर त्या कॉफीच्या नव्हे, कपांच्या मोजणीत धरतात. वाक्यात शब्द काय करतोय ते पाहून प्रकार ठरतो. नुसत्या शब्दाला ‘हे कोणतं नाम’ असा प्रश्न विचारणारी गाइडं मला म्हणूनच फारशी आवडत नाहीत.

ॲब्स्ट्रॅक्ट नाऊनमध्ये चूक बहुधा प्रकाराची नसते. नामाच्या जागी भलताच शब्द बसतो किंवा भलत्या जागी नाम बसतं. ‘ही इज डेथ’ हे त्याचं सर्वांत जुनं उदाहरण. ‘डेथ’ म्हणजे मृत्यू. माणूस ‘डेड’ असतो. ‘ॲडव्हाइस’ सल्ला, ‘ॲडव्हाइज’ सल्ला देणं. स्पेलिंगमध्ये नामात ‘सी’, क्रियापदात ‘एस’. ‘लॉस’ तोटा, ‘लूज’ गमावणं. आणि अभिनंदन करताना ‘काँग्रॅच्युलेशन’ एकटं सोडू नका, त्याला ‘स’ लागतोच.

प्रॉपर नाऊनला ‘द’ लागत नाही असं शाळेत शिकवतात, ते अर्धंच खरं. पुणे, मुंबई, नागपूर यांना लागत नाही. नद्यांना लागतो : ‘द गोदावरी’, ‘द कृष्णा’. समुद्रांना लागतो, डोंगररांगांना लागतो, म्हणून ‘द हिमालयाज’. एकट्या शिखराला नाही. त्यामुळे 1646 मीटरचं कळसूबाई महाराष्ट्रात सर्वांत उंच असलं तरी त्याच्या आधी ‘द’ नको.

कॅपिटल अक्षर ही आपली खास मराठी अडचण, कारण देवनागरीत ते प्रकरणच नाही. ‘मंडे’, ‘जून’, ‘मराठी’, ‘इंग्लिश’ यांचं पहिलं अक्षर बिनदिक्कत लहान लिहिलं जातं. वार, महिने, भाषा ही सगळी प्रॉपर नाऊन्स, मोठंच अक्षर हवं. आणि त्याची भरपाई म्हणून की काय, ‘माय फादर इज अ फार्मर’मध्ये आदरापोटी ‘फादर’ आणि ‘फार्मर’ दोघांनाही मोठं अक्षर मिळतं. तिथे दोन्ही लहान.

एखादा शब्द मोजायचा की नाही हे अंदाजाने ठरवू नका. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशांत नामापुढे बहुधा ‘सी’ किंवा ‘यू’ हे अक्षर छापलेलं असतं. ‘सी’ असेल तर मोजा, ‘यू’ असेल तर ‘अ’ही नको आणि ‘स’ही नको. दोन्ही असतील, तर अर्थ वाचा; ‘हेअर’पुढे दोन्ही सापडतील.