डायनिंग टेबलासाठी सागवानी बाक घरी कसं करावं

डायनिंग टेबलासाठी मी केलेलं पहिलं बाक सध्या गॅलरीत कुंड्या सांभाळतंय. जोड पक्के, पॉलिश झकास, उंची बरोब्बर १८ इंच. फक्त टेबलाच्या फळीखाली सहा इंचांची उभी पट्टी आहे, हे मोजायचं राहिलं. वर हौसेनं दोन इंचांची गादी टाकली. पहिल्याच रविवारी सासरे जेवायला बसले आणि मांड्या काही पट्टीखाली जाईनात. शेवटी एका अंगाला कलून बसून त्यांनी आमटी-भात संपवला. बोलले काही नाहीत. पुढच्या वेळी मात्र आल्या आल्या स्वतःच खुर्ची ओढून घेतली.

तेव्हा करवत हातात घ्यायच्या आधी टेप घ्या आणि टेबलाखाली शिरा.

टेबलाखालची मापं

पहिलं माप जमिनीपासून त्या पट्टीच्या खालच्या कडेपर्यंतचं. टेबलाच्या फळीपर्यंतचं नव्हे. आपल्याकडची टेबलं साधारण २९ ते ३० इंच उंच असतात आणि त्यांना १७॥ ते १८ इंचांचं बाक जमतं. पण खरं बघायचं ते बाकाच्या पाटापासून, म्हणजे बसायच्या फळीपासून, पट्टीपर्यंतचं मोकळं अंतर. ते निदान ७ इंच हवं. गादी टाकणार असाल, तर माणूस बसल्यावर ती दबून जेवढी उरते तेवढी जाडी बाकाच्या उंचीतून वजा करा.

दुसरं माप टेबलाच्या दोन पायांमधलं, आतलं. बाक टेबलाखाली सरकत नसेल तर खुर्च्या काय वाईट होत्या? माझं टेबल पाच फुटी आहे, पायांच्या आत ५२ इंच मिळतात, म्हणून बाक ४८ इंच. माणशी २० ते २४ इंच धरले तर त्यावर दोन मोठी माणसं ऐसपैस बसतात आणि पाहुणे आल्यावर मधे एखादं पोर मावतं.

तिसरं, पाटाची रुंदी. १२ इंचांवर बसता येतं, पण अर्ध्या तासात चुळबुळ सुरू होते. १४ इंच चांगले. मी १५ ठेवले, कारण आमच्या आईला खुर्चीवरसुद्धा मांडी घातल्याशिवाय घास उतरत नाही. तुमच्याकडेही असं कुणी असेलच. पाठीची टेक मात्र नको. टेक लावली की बाक टेबलाखाली जात नाही आणि मधल्या माणसाला उठताना कसरत होते.

लाकूड

सागवानच घ्या असा माझा हट्ट आहे, पण तो उगाच नाही. हवेतला दमटपणा वाढला-घटला तरी सागवान इतर लाकडांच्या मानानं कमी फुगतं-आकसतं, आणि गाभ्याच्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही. बल्लारपूर-चंद्रपूरकडचं सागवान वखारीत ‘सीपी टीक’ नावानं मागतात. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली लाकूड गेलं ते याच भागातून. ते महाग असतं. आफ्रिकेतून किंवा दक्षिण अमेरिकेतून येणारं लागवडीचं सागवान स्वस्त पडतं आणि बाकासाठी चालतं. फक्त कडेचं पांढरट लाकूड जास्त असलेल्या फळ्या घेऊ नका, कीड आधी तिथेच शिरते.

मी दुसरं बाक जुन्या सागवानाचं केलं. पुण्यात पेठांमधले वाडे पडतात, तेव्हा त्यांच्या तुळया आणि वासे जुन्या लाकडाच्या वखारीत येतात. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, त्यातले दोन फिरत फिरत माझ्याकडे आले. वरून काळेकुट्ट, धुराचा थर बसलेला. एक हात रंधा मारला आणि आतून मधासारखा रंग निघाला. असं लाकूड पूर्ण वाळलेलं असतं, सहसा वाकत नाही. पण त्यात खिळे असतात, आणि मोडलेले खिळे डोळ्यांना दिसत नाहीत. स्पीकरमधलं जुनं चुंबक फळीवरून इंचाइंचानं फिरवा. रंधा मशीनवाला आधी तेच विचारतो, “खिळे काढलेत ना?” आणि एखादा राहिला तर त्याचं पातं जातं नि तुमची पत.

लाकूड घनफुटावर मिळतं. या मापाच्या बाकाला सव्वा घनफुटाच्या आत-बाहेर लाकूड लागतं, घट धरून दीड घ्या. नवं लाकूड असेल तर घरी आणून, फळ्यांमध्ये बोटभर जाडीच्या पट्ट्या ठेवून, दोन-तीन आठवडे नुसतं पडू द्या. पावसाळ्यात घेतलं असेल तर आणखी जास्त.

कापायचे तुकडे

वखारीतूनच रंधून, जाडी काढून आणा. हातरंध्यानं एवढं सगळं करण्यात पुण्य आहे, पण पाठही जाते. रंधून झाल्यावरची मापं अशी:

पाट: ४८ इंच लांब, ५ इंच रुंद, १ इंच जाड, ३ फळ्या
पाय: १७ इंच लांब, पावणेदोन इंच चौरस, ४ नग
पायांना वर जोडणाऱ्या लांब पट्ट्या: ४२॥ इंच × ३ इंच × १ इंच, २ नग
पायांना वर जोडणाऱ्या आखूड पट्ट्या: ११॥ इंच × ३ इंच × १ इंच, २ नग
पायांना खाली जोडणाऱ्या आखूड पट्ट्या: ११॥ इंच × १॥ इंच × १ इंच, २ नग

पट्ट्यांच्या लांबीत दोन्ही टोकांची एकेक इंचाची कुसवं, म्हणजे पायात शिरणाऱ्या जिभा, धरली आहेत. पाय १७ आणि पाट १, मिळून उंची १८. पाटाच्या फळ्या मात्र आत्ता ५० इंचच ठेवा, टोकं शेवटी कापायची. आणखी दोन तुकडे लागतील, लांब पट्ट्यांच्या मधोमध बसणारा आडवा आधार आणि खालच्या दोन आखूड पट्ट्यांना जोडणारी लांब पट्टी. ते आत्ता कापू नका. पाय आणि पट्ट्यांची चौकट उभी राहिली की मोजून कापायचे, कागदावरची मापं तिथे हमखास दगा देतात.

जोड

स्क्रू मारून बाक उभं राहतं, यात वाद नाही. पण बाक रोज ओढलं जातं, ढकललं जातं, पोरं त्यावर उभी राहतात, आणि वर्षभरात स्क्रूची भोकं ढिली होऊन ते डुगडुगायला लागतं. म्हणून कुसू आणि खोबण. पट्टीच्या टोकाला जीभ, पायात तिच्या मापाचं भोक.

नियम साधा, कुसू पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांश. आपली पट्टी एक इंच म्हणजे आठ सूत, तर कुसू तीन सूत. पायाच्या माथ्यापासून अर्धा इंच लाकूड सोडून मगच खोबण सुरू करा, म्हणजेच तीन इंची पट्टीचं कुसू वरून अर्धा इंच कापून कमी करा. माथ्यापर्यंत खोबण नेली तर ठोकताना पाय चिरतो. खालच्या पट्ट्यांच्या खोबणी जमिनीपासून चार इंचांवर.

खोबण आधी, कुसू नंतर. हा क्रम उलटा करू नका. कुसू रंध्यानं केसभर कमी करता येतं, खोबण वाढली की वाढली. पेन्सिलीऐवजी धारदार चाकूनं रेघ ओढा. ड्रिलला तीन सुताचं पातं लावून एकाला एक लागून भोकं पाडा, सव्वा इंचाच्या आतच थांबा (पात्यावर चिकटपट्टीची खूण करा), आणि मधले दात पटाशीनं साफ करा. पटाशीची सपाट बाजू रेघेकडे. पायाच्या दोन बाजूंनी येणाऱ्या खोबणी आत एकमेकींना मिळतात, म्हणून वरच्या पट्ट्यांच्या कुसवांची टोकं ४५ अंशांत तिरकी कापावी लागतात. हे विसरलात तर दुसरं कुसू अर्ध्यावर अडेल आणि तुम्ही हातोडा जोरात माराल. मी मारला होता.

कुसू कसं बसायला हवं? हाताच्या दाबानं निम्मं जावं, उरलेलं लाकडी हातोड्याच्या दोन-तीन हलक्या टोल्यांत. नुसतं सोडलं तर गळून पडायला नको, आणि घाम काढायला लागायला नको.

सरस लावायच्या आधी सगळं कोरडं जोडून बघा. प्रत्येक पट्टी-पायावर आकडे टाका, एक-एक, दोन-दोन. मग ते दोन राहिलेले तुकडे मोजून कापा. मधल्या आधाराला लांब पट्ट्यांमधून दोन-दोन स्क्रू पुरतात, खालच्या लांब पट्टीला मात्र लहानसं कुसू करा.

पाट आणि चौकट चिकटवणं

सागवानात नैसर्गिक तेल असतं, ते सरसाला आत शिरू देत नाही. चिकटवायच्या कडा त्याच दिवशी ताज्या रंधा, थिनरच्या फडक्यानं पुसा, वाळू द्या, मग फेविकॉल. पाणी सोसणारा, मरीन प्रकारचा घ्या. जेवणाच्या टेबलाखाली ताक सांडणार नाही असं घर मी पाहिलेलं नाही.

पाटाच्या तीन फळ्या कडेला कड लावून चिकटवायच्या. दोन फळ्या शेजारी उभ्या धरून उजेडासमोर न्या. मधून उजेड दिसला तर रंधा पुन्हा मारा, शिकंजा आवळून फट बुजवायची नाही. शिकंजे नसले तरी अडत नाही. जुन्या प्लायवर दोन पट्ट्या समांतर ठोका, मधे फळ्या ठेवा, आणि एका बाजूला लाकडी पाचरी समोरासमोरून ठोका. खाली वर्तमानपत्र घाला, वर दोन-चार पाटे-वरवंटे ठेवा, नाहीतर दाबानं फळ्या मधून उचलतात. बाहेर आलेला सरस लगेच पुसू नका, तो लाकडात पसरतो आणि पॉलिशच्या वेळी पांढरे डाग दाखवतो. तासाभरानं रबरासारखा झाला की पटाशीनं खरवडून काढा. मग चोवीस तास हात लावायचा नाही.

चौकट चिकटवताना आधी दोन आखूड बाजू, त्या वाळल्या की लांब पट्ट्या. चौकट आवळल्यावर समोरासमोरच्या कोपऱ्यांमधले दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. एक लांब असेल तर त्या दिशेनं हलका दाब द्या, सरस ओला आहे तोवर लाकूड ऐकतं.

पाट बसवणं

इथे माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी चूक केली आहे, एका धंदेवाईक सुतारानंसुद्धा. पाट चौकटीला चिकटवायचा नाही. १५ इंचांचा पाट पावसाळा ते उन्हाळा या काळात रुंदीत एखाद सूत तरी हलतो. चौकट लांबीच्या धाग्यांची असल्यामुळे ती हलत नाही. दोघांना घट्ट बांधलं तर एप्रिल-मेमध्ये ‘टक्’ असा आवाज येतो आणि पाट उभा चिरतो. आमच्या शेजारच्यांना वाटलं, कुणीतरी वाटी फोडली.

उपाय सोपा आहे. लाकडी गुटके करा, दोन इंच लांब, इंचभर रुंद, पाच सूत जाड, एका टोकाला छोटी जीभ काढलेली. लांब आणि आखूड पट्ट्यांच्या आतल्या अंगाला, वरच्या कडेपासून अर्धा इंच खाली, जिभेपेक्षा थोडी लांब खाच पाडा. गुटक्याची जीभ खाचेत, अंग पाटाला स्क्रूनं. लांब पट्ट्यांवरच्या गुटक्यांची जीभ खाचेत पूर्ण आत ढकलू नका, सूतभर मोकळी ठेवा. असे आठ गुटके पुरतात. स्क्रू आठ नंबरचा, सव्वा इंची, आणि आधी तीन मिलिमीटरचं भोक पाडून. भोक न पाडता सागवानात स्क्रू पिळला तर लाकूड फाटतं किंवा स्क्रूचं डोकं हातात येतं. पाट आता ४८ इंचांवर कापा. चौकटीबाहेर तो टोकांना दोन इंच आणि लांब बाजूंना एकेक इंच राहील. टोकांना याहून जास्त सोडू नका, कडेला बसलेला माणूस एकदम टेकला तर दुसरं टोक उचलतं.

बाक डुगडुगतंय का

घरातल्या फरशीवर बघू नका, फरशीच सरळ नसते. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा सगळ्यात सपाट. बाक उचलून त्यावर ठेवा. जो पाय अधांतरी असेल त्याखाली जुन्या लग्नपत्रिका सरकवा, बाक शांत होईपर्यंत. मग एका सपाट लाकडाच्या तुकड्यावर पेन्सिल आडवी धरून चारही पायांभोवती रेघ फिरवा आणि रेघेवर कापा. टोकांच्या कडा कानशीनं थोड्या मारा, नाहीतर ओढताना पायाच्या चिपा निघतात.

पॉलिश

पॉलिश पेपर ८० नंबरपासून, मग १२०, मग २२०, नेहमी धाग्याच्या दिशेनं. पाटाची पुढची कड चांगली गोल करा. मांडीच्या मागच्या बाजूला ती तासभर लागते.

दिसायला मला जवसाचं तेल आवडतं, रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळतं ते. फडक्यानं चोळा, पंधरा मिनिटांनी जादा पुसून काढा, एक दिवस थांबा, असे तीन हात. पण एक गोष्ट विसरू नका. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती उघडी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मगच टाका.

घरात लहान मुलं असतील तर तेलाऐवजी मॅट पीयू, म्हणजे बिनचकाकीचं पॉलियुरेथेन पॉलिश, मारा, दोन पातळ हात, मधे २२० नंबरचा हलका पेपर. हळद आणि लोणच्याचं तेल पीयूवरून पुसलं जातं. तेलाच्या पॉलिशवर हळदीचा डाग पडला तर घासत बसू नका, बाक दोन दिवस उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हानं उडतो. आमच्या बाकावर मात्र आंब्याच्या लोणच्याचा एक गोल डाग कायमचा बसलाय, आईच्या बसायच्या जागेच्या डाव्या हाताला, बरणीच्या बुडाएवढा.